अंकुशी ते कलदार

१६७४ च्या उन्हाळ्यात, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या समारंभाची धांदल रायगडावर चालू असताना, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा तहाची कलमे घेऊन गडावर आला, आणि त्या कलमांपैकी बहुतेक सर्व महाराजांनी मान्य केली. हरकत घेतली ती दोनच कलमांवर. त्यांतील एक किनाऱ्यावर फुटणाऱ्या जहाजांच्या मालाविषयीचे होते; दुसरे होते नाण्यांविषयीचे. ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे आणि महाराजांचे नाणे मुंबईत चालावे, असे इंग्रजांचे मागणे होते. त्यावर महाराजांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, कोणाचेही नाणे चालण्यास आमच्या राज्यात मनाई नाही. पण जे नाणे घेतल्याने रयत बुडेल ते घेण्याची सक्तीही आम्ही रयतेवर करणार नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके वजनदार आणि तितक्याच कसाचे असेल, तर ते चालेलच, त्यासाठी तहात निराळे कलम घालण्याचे कारण नाही.

आपल्या नावाचा होन आणि आपल्या नावाची तांब्याची शिवराई पाडून सार्वभौमत्वाची द्वाही फिरविण्याचा तो प्रसंग; आणि त्याच प्रसंगी नाण्याची अखेरची पारख राजाच्या हुकमात नसून ते हाती घेणाऱ्या माणसाच्या निवाड्यात आहे, असे स्वतः छत्रपतींनी सांगावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. रुपयाचा पुढील अडीच-तीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा निवाडा रयतेच्या, किंवा निदान रयतेच्या बाजारपेठेच्या हातून हळूहळू निसटून सरकारच्या हाती कसा गेला, त्यात रयतेचे हित किती झाले आणि अहित किती झाले, याचा इतिहास आहे.

रुपया हे मुळात मराठी राज्याचे नाणे नव्हे. दक्षिणेत सोने होनाच्या रूपाने आणि तांबे पैशाच्या रूपाने चाले. चांदीचा रुपया उत्तरेतून आला. चांदीस रुपे म्हणण्याची व शिक्का मारलेल्या धातूस रूप्य म्हणण्याची चाल फार प्राचीन. परंतु ठरावीक वजनाचे आणि ठरावीक कसाचे नाणे म्हणून रुपयाची घडी बसविली ती शेरशहा सुराने, १५४० ते १५४५ या आपल्या अवघ्या पाच वर्षांच्या कारकीर्दीत. त्याचा रुपया सुमारे १७८ ग्रेन वजनाचा आणि जवळजवळ निर्भेळ चांदीचा होता. अकबराने तोच कित्ता गिरविला. त्याच्या दफ्तरात चाळीस दामांचा एक रुपया असा हिशेब चाले. हिंदुस्थानच्या भूमीत चांदीच्या खाणी नाहीत म्हटले तरी चालेल. तथापि येथील कापड, नीळ आणि मिरी यांच्या बदल्यात दूरदेशची चांदी जहाजांनी सुरतेस उतरत असे, आणि सुरतेच्या टांकसाळीत वितळून, शिक्का घेऊन, रुपया होऊन देशभर पसरत असे. औरंगजेबाच्या फौजांनी पाव शतक दक्षिणेत तळ दिला, तेव्हा त्या फौजांच्या पगाराबरोबर रुपयाही सह्याद्रीच्या खोऱ्यांतून खोलवर शिरला.

इंग्रजांना महाराजांच्या त्या उत्तरातील शहाणपण अनुभवाने पटले. १६७६ मध्ये त्यांनी आपला राजा दुसरा चार्ल्स याजकडून मुंबईस रुपये पाडण्याची सनद मिळविली, आणि इंग्रजी अक्षरांचे रुपये पाडलेही. परंतु खाडीपलीकडील मुलखात त्या नाण्यांचा जम बसेना, कारण तेथील सावकारास लंडनच्या राजाची ओळख नव्हती. अखेर १७१७ च्या सुमारास दिल्लीच्या फर्रुखसियर बादशहाची परवानगी मिळाल्यावर मुंबईचे रुपये बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत, सुरतेच्या नमुन्याबरहुकूम पडू लागले, आणि मग ते चालले.

पेशवाईत हाच प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या, महादजी शिंद्यांनी बादशहास दिल्लीच्या तख्तावर बसवून वकील-ए-मुतलकी मिळविली, तरी पुण्यास पडणाऱ्या अंकुशी रुपयावर नाव बादशहाचेच राहिले. मराठ्यांची खूण म्हणून त्यावर गजाननाच्या हातातील अंकुश तेवढा उमटला. कित्येक टीकाकारांनी यास मराठ्यांची दास्यवृत्ती म्हटले आहे. मला ते पटत नाही. बादशहाचे नाव हा तेव्हा बाजारातील एक ओळखीचा ठसा होता, आणि ज्या ठशास तीन पिढ्यांचे सराफ ओळखतात तो बदलून आपल्याच रयतेच्या पदरी तोटा बांधण्यात पेशव्यांनी पुरुषार्थ मानला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

परंतु मराठी राज्यात टांकसाळ एक नव्हती. पुण्यास व चिंचवडास पेशव्यांच्या परवान्याने, चांदवडास होळकरांच्या अमलात, मिरजेस पटवर्धनांच्या जहागिरीत, नागपुरास भोसल्यांच्या, बडोद्यास गायकवाडांच्या, अशा ठिकठिकाणी टांकसाळी चालत, आणि त्यांतील पुष्कळशा प्रत्यक्ष सरकारच्या नसून सोनार व सराफ यांस मक्त्याने दिलेल्या असत. मक्तेदाराने सरकारात नजर भरावी, वजन व कस ठरल्याप्रमाणे राखण्याचा मुचलका लिहून द्यावा, आणि ज्याची चांदी येईल त्यास घडणावळ घेऊन रुपये पाडून द्यावेत, अशी वहिवाट होती. मुचलका मोडण्याचा मोह अर्थातच मोठा होता. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या वेळी कर्नाटक प्रांतात जमीनदारांच्या टांकसाळींतून इतके हिणकस नाणे बाहेर पडू लागले की, त्या बंद करून १७६५ मध्ये धारवाडास एक मुख्य टांकसाळ घालण्याचा हुकूम पेशव्यांस काढावा लागला. तरीही रुपयांच्या जाती वाढतच राहिल्या. अंकुशी, चांदवडी, मिरजी, शहापुरी, बागलकोटी, सुरती, आर्काटी, नागपुरी, बडोद्याचा बाबाशाही, निजामाच्या मुलखातील हाली: त्या काळातील हुंडी किंवा कर्जरोखा उचलून पाहिला तर आकड्याच्या शेजारी रुपयाची जात लिहिलेली सापडते, कारण शंभर रुपये म्हटल्याने कशाचाच उलगडा होत नसे. कोणते शंभर, हे सांगावे लागे.

येथून बट्ट्याचा कारभार सुरू होई. एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीच्या हिशेबात घ्यावयाचा तर कस, वजन, झीज, त्या पेठेतील मागणी, एवढेच नव्हे तर हंगाम पाहून सराफ त्यातून काही कापून घेई, तो बट्टा. सराफ रुपया दगडावर वाजवून त्याचा नाद ऐके, काट्यात घालून तोळे-मासे-गुंजा पाही, कसोटीवर ओढी, आणि खात्री पटल्यावर कित्येकदा त्यावर आपली बारीक खूण ठोकी. आज संग्रहालयांतून दिसणाऱ्या जुन्या रुपयांच्या अंगावर या खुणांची दाटी असते. ही विद्या खरी होती, हे मान्य केले पाहिजे. हलक्या नाण्यास हलका भाव देऊन बाजार प्रत्येक टांकसाळीवर रोज एक प्रकारचा जप्तीचा हुकूम बजावीत असे, आणि एखाद्या सरदाराने रुपयात तांबे वाढविले तर त्याची वार्ता दरबारी बातमीदाराच्या आधी पेठेत पोहोचत असे.

पण या न्यायालयाचा खर्च देत असे कुणबी. जुन्नरकडील एखाद्या कुणब्याची गोष्ट डोळ्यापुढे आणावी. धान्य घेणाऱ्या उदमी वाण्याने त्यास चांदवडी रुपये दिले. सरकारचा वसूल अंकुशीत भरावयाचा. म्हणून पाटील-कुलकर्ण्यांनी जमाबंदीत बट्ट्याचे कलम धरले. घरखर्चास खुर्दा हवा, तर रुपया मोडताना शिवराईचा त्या दिवसाचा भाव सराफ सांगेल तो. आणि वसुलाच्या दिवसांत, सर्व गावास एकाच वेळी एकाच जातीचे रुपये हवे असताना, तो भाव कोणाच्या बाजूस झुके हे सांगावयास नको. शिपायाची गत तीच. रोजमुरा एका नाण्यात मिळे आणि छावणीच्या बाजारातील पीठमीठ दुसऱ्या नाण्यात घ्यावे लागे. सावकारास बट्टा हा धंदा होता, सरकारास तो एक आकार होता, आणि ज्याच्या हाती वर्षाकाठी चारदोन रुपयेच येत त्यास मात्र तो दर हस्तांतरास द्यावा लागणारा कर होता. रायगडावर उच्चारलेल्या तत्त्वाची ही दुसरी बाजू विसरता येत नाही: पारखण्याचा अधिकार रयतेचा असला, तरी पारखण्याची विद्या तिच्यापाशी नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या मुलखाचा कारभार हाती घेताना कंपनीचा कमिशनर एल्फिन्स्टन याने चालत्या व्यवस्थेस शक्य तो धक्का न लावण्याचे धोरण ठेविले. त्यास अनुसरून पुण्याची टांकसाळ पुढेही बरीच वर्षे चालू राहिली आणि कंपनीच्या अमलातही अंकुशी रुपये पडत राहिले. तिकडे बंगाल्यात कंपनीने सराफाशी झुंजण्याची एक निराळीच युक्ती योजिली होती. तेथील सराफ नाण्यावरील जुलूसचे, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे, साल पाहून, चालू सालाच्या रुपयास पूर्ण भाव देत आणि जुन्या सालाच्या रुपयावर, तो तसूभर झिजलेला नसला तरी, बट्टा घेत. म्हणून कंपनीने शहाआलमच्या कारकीर्दीचे एकोणिसावे साल नाण्यावर कायमचे गोठवून टाकिले. बादशहा आंधळा झाला, वृद्ध झाला, १८०६ मध्ये निवर्तला, त्याचा मुलगा अकबरशहा गादीवर आला. तरी कलकत्त्याच्या रुपयावर शहाआलम आपल्या एकोणिसाव्या वर्षातच राज्य करीत राहिला.

ही सर्व नाटके संपली ती १८३५ मध्ये. त्या साली कंपनी सरकारने सतरावा कायदा करून आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, त्यात बारा भागांतील अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. हेच वजन दोन वर्षे आधी तोळ्याचे प्रमाण म्हणून ठरविण्यात आले होते, आणि त्या कामी कलकत्त्याच्या टांकसाळीतील पारखी जेम्स प्रिन्सेप याचा मोठा हात होता. पुढे अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच. एकाच पुरुषाने या देशाचे अर्वाचीन नाणे घडवावे आणि प्राचीन वाणीही बोलती करावी, हा योग मनास हर्ष देतो. नव्या रुपयाच्या एका अंगास इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची मुद्रा होती, तर दुसऱ्या अंगास कंपनीचे नाव आणि एक रुपया हे शब्द इंग्रजीत व फारसीत होते. दिल्लीच्या बादशहाचे नाव हिंदुस्थानच्या मुख्य नाण्यावरून गेले ते याच साली. अकबरशहा तेव्हा लाल किल्ल्यात हयात होता.

मुंबईच्या कोटात १८२९ च्या सुमारास बांधून पुऱ्या झालेल्या नव्या टांकसाळीत वाफेची यंत्रे होती. हातोड्याने पाडलेल्या जुन्या रुपयाचा काठ वाकडातिकडा असे, ठसा अर्धा बाहेर जाई, आणि लबाडाने कडेची चांदी कातरली तरी पटकन ध्यानात येत नसे. यंत्रावर पडलेला रुपया वाटोळा, सारखा आणि दातेरी काठाचा निघे. लोक त्यास कलदार म्हणू लागले, आणि पुढे राणीचे राज्य सुरू झाल्यावर राणीछाप. कलदार हाती आल्यावर सराफाची कसोटी बाजूस पडली. कुणब्याने मुंबईस मिळविलेला रुपया सोलापुरास तेवढ्याच मोलाचा ठरू लागला. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पया तीन, हा हिशेब शाळेतल्या पोरासही येऊ लागला. जुनी शिवराई मात्र खेड्यापाड्यांच्या बाजारांतून शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फिरत राहिली. बट्ट्याचा कर गेला, हे इंग्रजी अमलाचे खरेखुरे उपकारकृत्य होय, आणि ते तसे म्हणण्यास देशाभिमान आड येऊ नये.

कलदारामागे आणखी एक हमी होती, आणि ती कायद्याहून बळकट होती. कोणीही आपली चांदी टांकसाळीत घेऊन जावे, शेकडा दोन रुपये हक्क आणि वर किरकोळ आटणावळ द्यावी, आणि उरलेल्या चांदीचे रुपये मोजून घ्यावेत, अशी मुभा कायम होती. त्यामुळे रुपयाचा भाव आणि रुपयातील चांदीचा भाव यांत अंतर पडू शकत नसे. कुणब्याच्या घरी सुगीनंतर उरलेले रुपये सोनाराकडे जाऊन पाटल्या, वाळे, तोडे होत, आणि अवर्षणाच्या साली तेच तोडे पुन्हा रुपये होत. ती शेतकऱ्याची पेढी होती आणि बायकामुलांच्या अंगावर तिची शाखा होती.

१८७० नंतर या व्यवस्थेवर समुद्रापलीकडून घाला आला. जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून आपली चांदी विकावयास काढली, इतर राष्ट्रे तोच मार्ग धरू लागली, खाणींतून चांदीचे उत्पन्न वाढले, आणि सोन्याच्या मानाने चांदी उतरत चालली. जो रुपया १८७३ च्या आगेमागे जवळजवळ दोन शिलिंगांचा होता तो १८९२ मध्ये सुमारे सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारास दरसाल विलायतेत पेन्शने, व्याज, लष्करी खर्च इत्यादींपोटी पौंडांत भरणा करावा लागे. रुपया उतरला की तेवढ्याच पौंडांस अधिक रुपये लागत, आणि अधिक रुपये म्हणजे अधिक कर. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी पाठविण्याच्या रकमाही आटल्या, आणि त्यांची ओरड सिमल्याहून लंडनपर्यंत ऐकू गेली. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली, आणि २६ जून १८९३ रोजी कायदा होऊन हिंदुस्थानच्या टांकसाळींचे दरवाजे लोकांच्या चांदीस बंद झाले.

त्या दिवशी रुपयाची जात बदलली, जरी त्याचे रूप रेसभरही बदलले नाही. तीच राणी, तोच काठ, त्याच १६५ ग्रेन चांदी. परंतु आता त्याचे मोल चांदीने ठरावयाचे नव्हते, सरकार किती रुपये बाहेर सोडील यावरून ठरावयाचे होते. चारपाच वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर चढला, १८९९ मध्ये पंधरा रुपयांस एक सुवर्ण सॉव्हरिन असा दर कायद्याने मान्य झाला, आणि त्याच वेळी रुपयातील चांदी बाजारात विकावयास नेली तर तिचे जेमतेम दहा पेन्स येत. कारभाराच्या दृष्टीने तो विजय होता, हे नाकारता येत नाही; हुंडणावळ स्थिर झाली आणि व्यापाऱ्यांस पुढचा हिशेब बांधता येऊ लागला.

परंतु सोनाराच्या दुकानी गेलेल्या तोड्यांचे काय झाले? १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्यास गुजराथेत संवत् १९५६ वरून छप्पनिया म्हणतात, हे दोन्ही टांकसाळी बंद झाल्यानंतरच्या अवघ्या सात वर्षांत आले. दख्खनच्या खेड्यांतून अंगावरचा डाग निघाला आणि मोडीस गेला. पूर्वी तोळाभर चांदी म्हणजे थोड्याफार तुटीने एक रुपया. आता तोळाभर चांदीचे दहा-अकरा आणे हाती येत, आणि सरकारचा सारा मात्र पूर्ण रुपयात द्यावा लागे. देशाच्या गोरगरिबांची साठवण एका कायद्याने तिसऱ्या हिश्श्याने घटली, हे गाऱ्हाणे त्या वेळच्या देशी पुढाऱ्यांनी वारंवार मांडले. यात कोणी दुष्टपणाने कुणब्यास लुबाडले असे मी म्हणत नाही. ज्या मेजावर हा निर्णय झाला तेथे पेन्शनवाल्याचा, करदात्याचा आणि निर्यात करणाऱ्या पेढ्यांचा विचार झाला. ज्याची बँक पत्नीच्या पायात होती त्याचा विचार करण्यास तेथे कोणी बसलेले नव्हते. पूर्वी सरदाराने रुपयात तांबे मिसळले तर पेठ दुसऱ्या दिवशी बट्टा बसवीत असे. १८९३ च्या कायद्यावर बट्टा बसविण्याची सोय कोणत्याच पेठेस उरली नव्हती.

या प्रश्नाचा मुळापासून विचार करणारा ग्रंथ तीस वर्षांनी एका महाराष्ट्रीयाच्या हातून निर्माण झाला. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, सर्वच मते मान्य नसताही, त्यास प्रस्तावना लिहिली. केन्स यांच्यासारख्या विद्वानाने १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनपद्धतीची जी वाखाणणी केली होती, तिच्या विरुद्ध आंबेडकरांनी बाजू मांडली. टांकसाळी लोकांस बंद झाल्या याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार ही की, त्या सरकारास मात्र उघड्या राहिल्या. रुपया पाडण्यात नफा आहे आणि पाडण्यास मर्यादा नाही, अशा स्थितीत मर्यादा सरकारच्या विवेकावर सोडणे त्यांस धोक्याचे वाटे. रुपये पाडणे सरकारनेही थांबवावे, चलनाची संख्या कायद्याने बांधून टाकावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९२५ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देतानाही, रुपयाचा दर सोळा पेन्स की अठरा पेन्स या वादात सारा देश दुभंगला असता, त्यांनी लक्ष वेधले ते या गोष्टीकडे की, रुपया उतरल्याने आणि किमती चढल्याने व्यापारी वर्गास जो लाभ होतो तो आकाशातून पडत नाही. मजुरी किमतींच्या मागे रखडते, आणि ती तफावत मजूर भरून देतो. अर्थशास्त्राच्या जडजंबाल परिभाषेत रयतेच्या नफ्यातोट्याचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारणारा दुसरा माणूस त्या सबंध चर्चेत मला आढळत नाही.

पुढे रुपयातून चांदीही गेली, पण त्याची चाहूल आधीच लागली होती. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि पुढील वर्षी अमेरिकेने आपल्या साठ्यातून चांदी पुरविली तेव्हा टांकसाळींस दम आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. आणि १९४७ च्या रुपयात चांदीऐवजी निकेल होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक लोकांनी भिंतीवर टांगून ठेविले, आणि एकेक आण्याचा सौदा करणाऱ्यास पावपैशाच्या तुटीचा अर्थ लगेच कळला.

मराठी मुलखाच्या काही भागांत बट्टा कलदार आल्यानंतरही दीर्घकाळ टिकला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. बडोद्याचे बाबाशाही नाणे विसाव्या शतकाच्या आरंभी बदलून झाले होते. परंतु मराठवाड्यात निजामाचा, चारमिनारच्या छापाचा, हाली शिक्का हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतरही चालू होता, आणि सहा कलदारांस सात हाली या दराने औरंगाबाद-नांदेडकडील माणूस मुंबई-पुण्याशी आपला हिशेब जुळवीत असे. १९५० नंतरच्या दशकात तो हळूहळू चलनातून काढून घेण्यात आला. गोव्यात पोर्तुगीजांचा सोळा तांगांचा रुपिया होता. १८७८ च्या तहानुसार तो इंग्रजी रुपयाच्या वजनाचा व कसाचा ठरून कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागला होता, म्हणून तो सीमेपलीकडे सहज खपे. १९५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याच्या जागी, एका रुपियास सहा या दराने, एस्कुदो आणले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि पुढील वर्षी तेथील एस्कुदो जाऊन पणजी-मडगावच्या बाजारात भारतीय रुपया चालू लागला.